गुप्तहेर एक्स-२७ : सेवा देशाची की देशबांधवांची? ('डिसऑनर्ड', १९३१)

पडद्यामागचा | शनि, २१:४०

बोलपट नुकते बोलायला लागले होते त्या काळातले हेरपट एकामागून एक बघायचा सपाटा सध्या लावलाय. बरेचसे बघून विसरण्यासारखे निघाले. हा एक मात्र डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय. शेवटासकट सगळं लिहिणार आहे. रसभंग चालत नसेल त्यांनी आधी बघून यावं, दीड तासाचा तर आहे.

'डिसऑनर्ड', पॅरामाउंट, १९३१. दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग, नायिका मार्लेने डिट्रिश, कॅमेरा ली गार्म्स. दिग्दर्शक-नायिकेच्या या जोडीचे 'द ब्लू एंजल' आणि 'मोरोक्को' आदल्याच वर्षी येऊन गेले होते. आपल्याकडे त्याच वर्षी १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. म्हणजे पडद्यावरच्या माणसाच्या तोंडून आवाज येतो याचंच लोकांना अजून अप्रूप होतं. हॉलीवूड आपल्या तीनेक वर्षं पुढे होतं इतकंच.

काळ १९१५, गाव व्हिएन्ना. मुसळधार पाऊस. एका चाळवजा इमारतीतून प्रेत बाहेर काढताहेत, बाईनं गॅस सोडून जीव दिलाय. बघ्यांमध्ये तिथंच धंदा करणारी एक बाई उभी आहे. कोणीतरी म्हणतं, तुझीही एक दिवस हीच गत होणार. ती म्हणते, मला जगायची भीती वाटत नाही, तशी मरायचीही वाटत नाही. हे वाक्य शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याच्या कानावर पडतं. म्हातारा ऑस्ट्रियाच्या गुप्तहेर खात्याचा प्रमुख.

तो तिच्याबरोबर खोलीवर जातो आणि आपण शत्रूचे हस्तक आहोत असं भासवून तिला देश विकायची गळ घालतो. ती हसते, वाइन घेऊन येते म्हणून बाहेर पडते आणि येताना बरोबर पोलीस घेऊन येते. परीक्षा पास. लढाईत पडलेल्या एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्याची ती विधवा आहे हे कळतं. कामात जीव जाऊ शकतो असं प्रमुख बजावतो तेव्हा तिच्या उत्तराचा मथितार्थ असा, की जगणं काही अभिमानानं सांगण्यासारखं झालं नाही, मरण तरी तसं यावं. तिचं नाव संपतं, क्रमांक मिळतो : एक्स-२७.

पहिली कामगिरी घरभेद्याची. कर्नल फॉन हिंडाउ हा ऑस्ट्रियाचाच बडा अधिकारी रशियाला फितूर असल्याचा संशय आहे. मुखवट्यांच्या नाचात कागदी फितींचा नुसता चिखल झालाय, कर्कश पिपाण्या वाजताहेत, आणि त्या गदारोळात कुबड्या घेतलेला एक विदूषक कर्नलला सिगारेट देतो. एक्स-२७ कर्नलच्या घरी जाते, बोलता बोलता सिगारेटमधली चिठ्ठी हुडकते. कर्नलला कळून चुकतं. तो अदबीनं म्हणतो, तुम्ही हेर नसतात आणि मी फितूर नसतो तर आजची संध्याकाळ काय बहारीची गेली असती. ती म्हणते, मग आपली गाठच पडली नसती. तो शेजारच्या खोलीत जातो. गोळीचा आवाज. दिग्दर्शक प्रेत दाखवायची तसदी घेत नाही, आवाज पुरेसा आहे. मूकपटात इथं एक पाटी टाकावी लागली असती.

तो विदूषक म्हणजे रशियन हेर कर्नल क्रानाउ (व्हिक्टर मॅक्लॅग्लन). इथून पुढे दोघांचा पाठशिवणीचा खेळ. एक्स-२७ रशियन ठाण्यात घुसते ती खेडवळ मोलकरीण बनून. हा भाग मुद्दाम बघा. डिट्रिश म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सगळा साज उतरवलेला : धुतलेला चेहरा, घट्ट बांधलेले केस, पोतेऱ्यासारखे घागरे, आणि अधिकाऱ्यांपुढे मांजरासारखं म्याँव करणारी बावळट पोरगी. हीच का ती, असा प्रश्न पडावा.

मिळालेली माहिती ती स्वरलिपीत लिहून ठेवते. दिसायला पियानोच्या रचनेचा कागद, आत सैन्याच्या हालचाली. क्रानाउ तिला पकडतो, कागद पियानोवर ठेवून स्वतः वाजवून बघतो आणि जाळून टाकतो. ती त्याला गुंगीचं औषध देऊन निसटते, ऑस्ट्रियन ठाण्यावर पोचते आणि जळलेलं सगळं आठवणीतून परत वाजवते.

मग पारडं फिरतं. क्रानाउ ऑस्ट्रियाच्या हाती सापडतो. मी याची एकटीनं जबानी घेते, असं एक्स-२७ सांगते. दार बंद होतं. तिच्या हातून पिस्तूल पडतं (पडतं म्हणजे ती पाडते) आणि क्रानाउ पळून जातो. लष्करी न्यायालय, देशद्रोह, गोळ्या घालून मृत्युदंड.

आता माझा मुद्दा. सहसा याचा अर्थ 'प्रेमापायी बाई घसरली' असा लावतात. मला तो पटत नाही. कोठडीत तिला शेवटची इच्छा विचारतात तेव्हा ती पियानो मागते आणि कपडे मागते. सरकारी कामासाठी मिळालेले भारी कपडे नाहीत, तर देशाची नव्हे, देशबांधवांची सेवा करत होते तेव्हाचे. विनोद झणझणीत आहेच. पण त्यात तिनं स्वतःच्या आयुष्याचे दोन भाग करून समोर ठेवलेत. एकीकडे रस्त्यावर येणारी हाडामांसाची माणसं, दुसरीकडे क्रमांक देणारं सरकार. शरीर दोन्हीकडे तेच वापरलं. फरक इतकाच की सरकारी खात्यात त्याला देशभक्ती म्हणतात. क्रानाउला सोडणं ही अख्ख्या सिनेमातली तिची एकमेव कृती आहे जी कोणी तिला करायला सांगितलेली नाही.

आणि शेवटचा प्रसंग. पहाट, बर्फ, बंदुका घेतलेली रांग. हुकूम द्यायचा तो कोवळा लेफ्टनंट, ज्याच्या तलवारीच्या पात्यात तिनं कोठडीतून निघताना आरशासारखं तोंड पाहिलं होतं. डोळ्यांवर बांधायला दिलेल्या फडक्यानं ती त्याचेच डोळे पुसते. तो कोसळतो, तलवार टाकतो, बाईला मारणार नाही, हे युद्ध नाही खाटीकखाना आहे असं ओरडतो. तो ओरडतोय तोवर ती ओठांना लाली लावते, मोजे सारखे करते. दुसरा अधिकारी येतो. हुकूम. आवाज.

स्टर्नबर्गला 'डिसऑनर्ड' (म्हणजे बेअब्रू झालेली) हे शीर्षक मान्य नव्हतं. त्यानं 'एक्स-२७' दिलं होतं, कंपनीनं बदललं. आपली नायिका बेअब्रू होत नाही, तिला गोळ्या घातल्या जातात, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात चिडून लिहिलंय. मी त्याच्या बाजूनं.

साजूकतूप | शनि, २२:०५

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. ते मांजराचं काय? पोस्टरवर काळं मांजर बघितल्यासारखं आठवतंय.

पडद्यामागचा | शनि, २२:११

धन्यवाद. तिचं पाळलेलं काळं मांजर आहे, ती कामगिरीवरही बरोबर नेते. आणि त्या मांजरामुळेच क्रानाउला मोलकरणीचा पत्ता लागतो. एवढी तरबेज हेर आणि पुरावा काखेत घेऊन फिरते! पटकथेत असली भोकं आहेत, नाकारत नाही.

काडीकर | शनि, २२:३४

धागा छान, सिनेमा टुकार. उगाच डोक्यावर घेऊ नका. सगळे जण पाण्याखाली बोलल्यासारखे थांबत थांबत बोलतात. दोन वाक्यांच्या मध्ये चहा करून येता येईल. आणि मॅक्लॅग्लन! प्रत्येक दृश्यात बत्तीशी दाखवत हसतो. या गड्यासाठी ही बाई फासावर (बरं, गोळीवर) जाईल हे पटायला माणसानं आधी स्वतः गुंगीचं औषध घ्यायला हवं.

पडद्यामागचा | शनि, २२:५०

@काडीकर, हसण्याबद्दल मान्य. ही भूमिका मुळात 'मोरोक्को'तल्या गॅरी कूपरसाठी होती म्हणतात, पण त्याला स्टर्नबर्गबरोबर पुन्हा काम करायचं नव्हतं. मॅक्लॅग्लन मूळचा मुष्टियोद्धा. १९०९ मध्ये जॅक जॉन्सनशी प्रदर्शनी लढत खेळलेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात होता, बगदादमध्ये लष्करी पोलिसांचं काम केलं. पुढे १९३५ च्या 'द इन्फॉर्मर'मध्ये मित्राला वीस पौंडांसाठी विकणाऱ्या आयरिश माणसाचं काम करून ऑस्कर मिळवलं. तो बघा, मग बोलू.

पण मला त्याचं नकोसं असणं उलट पथ्यावर पडल्यासारखं वाटतं. समोर कूपर असता तर 'अहाहा, प्रेम' म्हणून सगळे मोकळे झाले असते. हा असा असल्यामुळे तिनं का सोडलं हा प्रश्न शिल्लक राहतो.

संथ बोलण्याबद्दल. ते काही अंशी मुद्दाम आहे. त्या वेळचे बाकीचे बोलपट बघा, आवाज मिळालाय म्हणून सगळे तोंडाला फेस येईस्तोवर बोलतात. नाटकंच उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवलेली. स्टर्नबर्ग उलट गप्प बसवतो आणि पाऊस, पिपाण्या, पियानो, पावलं ऐकवतो.

खर्जातला_सा | रवि, ०७:२०

सकाळी रियाज सोडून सिनेमा बघितला, पाप तुमच्या माथी.

संगीताबद्दल थोडं. ती वारंवार जी चाल वाजवते ती इव्हानोविचीचं 'डॅन्यूबच्या लाटा'. योहान स्ट्राउसचं 'निळं डॅन्यूब' वेगळं, लोक हमखास गोंधळ करतात. इव्हानोविची रुमानियाचा, लष्करी बँडचा माणूस. ही चाल १८८० ची. म्हणजे व्हिएन्नाच्या खोलीत बसलेली ऑस्ट्रियन बाई पलटणीच्या बँडवाल्यानं बांधलेलं वॉल्ट्झ वाजवते आहे. गोडवा आहे, पण तळाशी जी उदासी आहे ती लपत नाही. स्ट्राउस घेतला असता तर पर्यटन खात्याची जाहिरात झाली असती.

सांकेतिक लिपीचं मात्र गंमतशीर आहे. स्वरलिपीत माहिती लपवणं शक्य आहे. बारा स्वर, वेगवेगळी सप्तकं, स्वर किती वेळ धरायचा, मधल्या विश्रांती, एवढ्यात अक्षरं आकडे सगळं बसतं. अडचण अशी की अर्थ जपायला गेलं की गाणं बिघडतं. अर्थ असलेला स्वर सुंदर असेलच असं नाही. सिनेमावाल्यांना हे ठाऊक होतं, म्हणून क्रानाउ कागद वाजवतो तेव्हा जे येतं ते विचित्र, खडबडीत आहे. कान तयार असलेल्याला लगेच संशय यावा असं. तो बरोबर तिथंच पकडतो.

पण माझ्या डोक्यात बसलं ते पुढचं. असलं बेसूर, कुठल्याही रागात न बसणारं काहीतरी एकदा बांधून जसंच्या तसं पाठ ठेवणं! बंदिश लक्षात राहते कारण तिला चालचलन असतं, पुढचा स्वर मागच्याचं बोट धरून येतो. इथं तसं काहीच नाही. या बाईच्या स्मरणशक्तीला दंडवत. डिट्रिश तरुणपणी व्हायोलिन शिकली होती, कदाचित म्हणून पियानोपुढे ती खोटी वाटत नाही.

निवृत्त_सिग्नलवाला | रवि, १०:०२

आयुष्य संदेशवहनात गेलं, म्हणून चार ओळी.

माहिती लपवण्याच्या या तऱ्हेला वास्तवात आधार आहे. स्काऊटवाले बेडन-पॉवेल आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत. त्यांनी १९१५ मध्ये हेरगिरीच्या आठवणींचं पुस्तक छापलं. त्यात फुलपाखरांची चित्रं आहेत. पंखांवरच्या रेघांमध्ये किल्ल्याचा आराखडा, ठिपक्यांमध्ये तोफांच्या जागा आणि त्यांचा आकार. हातात जाळी, वही, चेहऱ्यावर भोळा भाव. कोणी हटकलं तर फुलपाखरू दाखवायचं. तत्त्व तेच : कागद लपवायचा नाही, उघड ठेवायचा, अर्थ लपवायचा.

आता सिनेमातली लष्करी बाजू. क्रानाउची जबानी घ्यायला तिला एकटीला आत सोडणारा जो कोणी अधिकारी आहे त्याच्यावर आधी खटला भरायला हवा होता. जिचा कैद्याशी आधी संबंध आला आहे अशा व्यक्तीला पहारा न ठेवता कैद्यासोबत बसवत नाहीत, कुठल्याच सैन्यात.

आणि धागालेखकाला आदरपूर्वक विरोध. 'कोणी न सांगता केलेली एकमेव कृती' हे वाचायला भारी वाटतं. पण १९१५ च्या वसंतात गॅलिशियात, म्हणजे ऑस्ट्रिया-रशिया आघाडीवरच्या प्रांतात, काय चाललं होतं बघा. मार्चमध्ये प्शेमिस्लचा किल्ला वेढ्याअंती रशियनांच्या हाती पडला, लाखावर ऑस्ट्रियन सैनिक कैद झाले. मे महिन्यात गोर्लिस-टार्नूवला जर्मन-ऑस्ट्रियन प्रतिहल्ला. अशा आघाडीवर सुटून गेलेला एक हुशार हेर म्हणजे किती पोरं? तिनं ज्यांना 'देशबांधव' म्हटलं ते खंदकात होते. क्रानाउ सुटला त्याची किंमत सरकारनं नाही, त्यांनी मोजली. शिक्षा कायद्यानं योग्य. लेफ्टनंटचं रडणं माणूस म्हणून समजतं, अधिकारी म्हणून नाही.

पडद्यामागचा | रवि, ११:३०

@निवृत्त_सिग्नलवाला, सर, फुलपाखरांसाठी मनापासून आभार.

शिक्षा कायद्यानं योग्य याला माझी हरकत नाहीच. तिचीही नाही. न्यायालयात ती गयावया करत नाही, दयेचा अर्ज करत नाही. हिशोब माहीत असून तिनं केलं. तुम्ही म्हणता ती किंमत सिनेमा दाखवत नाही, हे मात्र खरंच उणं आहे. खंदक दिसत नाही, मेलेला सैनिक दिसत नाही. युद्ध म्हणजे नकाशे, मेजवान्या आणि पियानो. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' १९३० मध्येच आला होता. त्यातल्या चिखलाच्या पुढे हे सगळं जरा फारच इस्त्रीचं वाटतं.

इतिहासाचा_किडा | रवि, १३:१५

कोणी रेडलचं नाव कसं नाही काढलं? कर्नल फॉन हिंडाउ म्हणजे उघड उघड आल्फ्रेड रेडलची सावली आहे.

रेडल हा ऑस्ट्रियाच्या लष्करी गुप्तवार्ता खात्यात हेर पकडायच्या कामावरचा मोठा अधिकारी. आणि वर्षानुवर्षं स्वतःच रशियाला कागद विकत होता! व्हिएन्नाच्या पोस्टात टोपणनावानं आलेली, नोटांनी भरलेली पाकिटं कोणी नेईना, म्हणून पाळत ठेवली. पाकिटं न्यायला माणूस आला, कारकुनानं घंटा दाबली, पण पोलीस पोचेस्तोवर स्वारी टॅक्सीत. मग ती टॅक्सी गाठली तर आत चाकूचं छोटं म्यान सापडलं. हॉटेल क्लोम्झरमध्ये ते म्यान कोणाचं म्हणून विचारणा झाली आणि ते घ्यायला पुढे आला कर्नल रेडल. रात्री अधिकारी त्याच्या खोलीवर गेले, पिस्तूल दिलं आणि बाहेर वाट बघत थांबले. २५ मे १९१३ च्या पहाटे त्यानं स्वतःला संपवलं. खटला नाही, बोभाटा नाही. आणि तो नेमकं काय काय विकून बसला होता हे सांगणाराही उरला नाही.

बोभाटा झालाच. प्रागचा पत्रकार एगॉन एर्विन किश यानं बातमी फोडली. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्याच्या फुटबॉल संघातला एक खेळाडू सामन्याला आलाच नाही. पोरगा कुलपं उघडणारा कारागीर. का आला नाहीस म्हणून झापलं तर म्हणाला, एका मोठ्या लष्करी अधिकाऱ्याच्या घराची कुलपं तोडायला नेलं होतं, कागद शोधत होते. किशनं दोन आणि दोन चार केले. या हकिकतीत तिखटमीठ किती हे किशलाच ठाऊक.

सिनेमा आणि हे शेजारी ठेवून बघा. देश खरोखर विकणाऱ्या पुरुष कर्नलला बंद खोलीत पिस्तूल आणि इभ्रत. आणि एका कैद्याला सोडणाऱ्या बाईला खटला, भिंत, बंदुकांची रांग.

अनघा_पानसुपारी | रवि, १६:४८

किडा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००.

सिनेमा सुरू होताना पाटी येते ती कोणी वाचली की नाही? एक्स-२७ इतिहासातली सर्वांत मोठी हेर ठरली असती, जर ती बाई नसती तर, अशा अर्थाची. म्हणजे निकाल आधीच लावून ठेवलाय. बाई आहे ना, मग भावनेत वाहणारच. धागालेखक म्हणतात तसा स्वतंत्र इच्छाशक्तीचा वगैरे अर्थ मलाही आवडला असता, पण पाटी आड येते.

माता हारीचंही तेच करून ठेवलंय. त्याच १९३१ च्या शेवटी एमजीएमनं ग्रेटा गार्बोला घेऊन 'माता हारी' काढला. प्रेम, त्याग, गोळ्या. खरी मार्गारेटा झेला ही हॉलंडच्या लेउवार्डनची. १९०५ मध्ये पॅरिसच्या गिमे संग्रहालयात नाचली आणि आपण हिंदू मंदिरातली नर्तकी असल्याच्या थापा मारल्या, त्याही शंकराच्या नावावर! लोकांना खऱ्या वाटल्या. १५ ऑक्टोबर १९१७ ला व्हँसेनला तिला गोळ्या घातल्या, डोळे बांधून घ्यायला तिनं नकार दिला. तिनं फ्रान्सचं नेमकं काय नुकसान केलं याचा पुरावा फारच लंगडा होता, पण युद्ध बिघडत चाललं होतं आणि कोणीतरी हवं होतं.

याहून वेगळं बघायचं असेल तर 'आय वॉज अ स्पाय' (१९३३) बघा. ब्रिटिश सिनेमा, दिग्दर्शक व्हिक्टर सॅव्हिल, नायिका मॅडेलिन कॅरोल. मार्था क्नोकार्ट या बेल्जियन बाईच्या आठवणींवर आधारित, पुस्तकाला चर्चिलची प्रस्तावना. बाई जर्मनांच्या ताब्यातल्या रुसेलारेमध्ये जर्मन लष्करी इस्पितळात परिचारिका. दिवसा जर्मन जखमींची शुश्रूषा, उरलेल्या वेळात ब्रिटिशांना बातम्या. शुश्रूषा इतकी मन लावून केली की जर्मनांनी तिला आयर्न क्रॉस हे लष्करी पदक दिलं. पुढे दारूगोळ्याच्या कोठाराजवळ तिचं आद्याक्षरं कोरलेलं घड्याळ पडलं आणि ती पकडली गेली. फाशी टळली ती त्या आयर्न क्रॉसमुळे, युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली. आठवणींत किती खरं किती रचलेलं यावर अभ्यासकांनी शंका काढल्यात, ते असो.

मला जे अस्वस्थ करतं ते हे की ती ज्या पोराची जखम बांधते, त्याच्याच छावणीवर विमानं यावीत म्हणून निरोपही धाडते. दोन्ही कामं मनापासून. सगळे दिवस असे काढायचे. यात प्रियकराची गरजच नाही हो, निष्ठा तशीही दुभंगलेली आहे. पिस्तूल 'हातून पडणं' यापुढे मला पोरकट वाटतं.

काडीकर | रवि, १७:०२

अनघाताई, तो 'आय वॉज अ स्पाय'मधला जर्मन कमांडंट म्हणजे 'कॅसाब्लांका'तला मेजर स्ट्रासर ना?

अनघा_पानसुपारी | रवि, १७:१९

हो, कॉनराड फाइट. बायको ज्यू. हिटलर आल्यावर १९३३ मध्येच दोघांनी जर्मनी सोडली. आणि मग उरलेलं आयुष्य बरेचदा पडद्यावर जर्मन खलनायक रंगवण्यात गेलं.

बर्लिनकर | सोम, ०२:३०

इथं रात्र तरुण आहे म्हणून लिहितो. डिट्रिशबद्दल कोणीच लिहिलं नाही याचं नवल वाटलं. अनघाताईंनी फाइटचं काढलंच आहे तर पुढचं सांगतो.

ती बर्लिनची, जन्म १९०१. सावत्र वडील पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी, जखमी होऊन १९१६ मध्ये गेले. म्हणजे 'डिसऑनर्ड'च्या कथेचा काळ तिनं शाळकरी वयात, लष्करी घरात, दुसऱ्या बाजूनं बघितलेला. नाझींनी तिला परत आणायचे प्रयत्न केले, तिनं दाद दिली नाही. १९३९ मध्ये अमेरिकन नागरिक झाली. युद्धात दोस्तांच्या सैनिकांपुढे आघाडीवर जाऊन गायली आणि अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेसाठी जर्मन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती रेडिओवरून जर्मन सैनिकांना ऐकवायची, घरची आठवण येऊन लढायचा जीव जावा म्हणून. आता एक्स-२७ आणि तिचा पियानो आठवा.

तिची आई सगळं युद्ध बर्लिनमध्येच होती. आणि सख्खी बहीण एलिझाबेथ? ती नवऱ्याबरोबर बेल्सनला सिनेमागृह चालवत होती, जर्मन सैनिकांसाठी, छळछावणीपासून हाकेच्या अंतरावर. १९४५ मध्ये मार्लेने अमेरिकन गणवेशात तिथं पोचली, तिला हे कळलं. बहिणीला मदत केली, पण त्यानंतर जाहीरपणे आपल्याला बहीण असल्याचंच नाकारत राहिली.

१९६० मध्ये ती कार्यक्रमासाठी जर्मनीत आली तेव्हा 'मार्लेने, परत जा' असे फलक घेऊन लोक उभे होते. गद्दार म्हणाले. मृत्यू १९९२ मध्ये पॅरिसला, दफन मात्र इथं फ्रिडेनाउच्या छोट्या दफनभूमीत, आईच्या जवळ. एका रस्त्याला तिचं नाव द्यायचा प्रस्ताव आला तर त्यालाही विरोध झाला, तेही भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनमध्ये. शेवटी पॉट्सडामर प्लाट्झजवळच्या एका चौकाला नाव दिलं. २००२ मध्ये शहरानं तिला सन्माननीय नागरिक केलं.

माझ्या जर्मन सासरी हा विषय जेवणाच्या टेबलावर काढता येत नाही. सासूबाईंच्या मते ती बरोबर, त्यांच्या थोरल्या भावाच्या मते नाही. 'आपली पोरं मरत होती तेव्हा ती समोरच्यांसाठी गात होती' हे त्यांचं वाक्य ठरलेलं.

निवृत्त_सिग्नलवाला | सोम, ०८:४५

@बर्लिनकर, वाचून बराच वेळ थांबलो. सासूबाईंच्या भावाचं म्हणणं मला आतून कळतं. पण देश कोणाच्या हातात आहे हेही बघावं लागतं. हिटलरशी इमान न राखणं आणि हाती लागलेला हेर सोडणं या दोन गोष्टी मी एका तागडीत तोलणार नाही. डिट्रिशला माझा सलाम, एक्स-२७ ला नाही.

पडद्यामागचा | सोम, ०९:३०

@सिग्नलवाला सर, इथं मात्र तुमचं मान्य. डिट्रिशनं उघडपणे, नाव सांगून बाजू घेतली. एक्स-२७ ला बाजूच उरलेली नव्हती.

@अनघा, पाटीबद्दल. पाटी म्हणजे दरबारी निकालपत्र असं मी धरून चाललो. सरकारी दफ्तरात तिची नोंद तशीच होणार. सिनेमा पुढचा दीड तास त्या नोंदीला सुरुंग लावतो. 'खाटीकखाना' म्हणून ओरडणारा पुरुष भावनेत वाहतो, बाई तेवढ्या वेळात लाली लावते. भावनेच्या आहारी कोण गेलं?

आणि निष्ठेचंच चाललंय तर पडद्यामागे कोण होते तेही बघा. स्टर्नबर्ग व्हिएन्नाचा, ज्यू घरातला, लहानपणीच अमेरिकेला गेलेला. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांच्या सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये प्रशिक्षणपट काढत होता. (सर, तुमच्याच खात्यातला!) म्हणजे जन्मगाव एका बाजूला, गणवेश दुसऱ्या. हेरप्रमुखाचं काम करणारा गुस्ताफ फॉन सायफर्टिट्झ मूळचा बव्हेरियाचा. युद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन नावानं वावरणं कठीण झालं, म्हणून त्यानं काही सिनेमे चक्क दुसऱ्या, आयरिश वळणाच्या नावानं केले. या मंडळींना देश, नाव, निष्ठा कागदावर कशी बदलते हे शिकवायची गरज नव्हती.

अनघा_पानसुपारी | सोम, ०९:५२

लालीचा मुद्दा चांगला आहे. पाटी अजूनही खटकतेच.

साजूकतूप | सोम, १०:१०

सगळे इतके पेटलेत की परत बघावा लागणार. याच धर्तीचं पुढे काय बघू? फार रडकं नको.

पडद्यामागचा | सोम, १०:४१

'थ्री फेसेस ईस्ट' (१९३०). वॉर्नर ब्रदर्स, नायिका कॉन्स्टन्स बेनेट. एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याच्या घरात एरिक फॉन स्ट्रोहाइम बटलर म्हणून वावरतो, आणि बटलर बटलर नाही हे दुसऱ्याच मिनिटाला कळतं. मजा ती नाही. घरात पाहुणी आलेली बाई नक्की कोणाच्या पगारावर आहे हे शेवटपर्यंत कळू देत नाहीत. मूळ नाटक आहे, ते जागोजागी जाणवतं. दिवाणखान्यातून कॅमेरा हलायला तयार नाही, आणि @काडीकर ला चहा करायला भरपूर वेळ मिळेल. पण स्ट्रोहाइम ट्रे घेऊन ज्या ताठ पाठीनं जिना चढतो तेवढ्यासाठी बघाच. शेवट इथं फोडू नका कोणी, त्यावर वेगळा धागा काढतो.